चावी पुण्यात

३ जून २०२५
दवाखाना, ता. घाटंजी

इंद्रजित,

जय भीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायची आपली पद्धत आहे. ती या वेळी मुद्दाम पाळलेली नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर तो पोहोचल्याची खूणही उमटत नाही. म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही.

काम एकच आहे. आपल्या दवाखान्याच्या सिकलसेलच्या सगळ्या नोंदी ज्या क्लाउडवर आहेत, त्या खात्याचा मालक अजून तूच आहेस. खातं उघडताना मोबाइल नंबर तुझा दिला होता. तो काढून आता दवाखान्याचा टाकायचा आहे. मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. तिथली मुलगी फार गोड बोलते. ती म्हणाली, मॅडम, मालक बदलायचा तर आधीच्या मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जाईल, तो सांगा. मी म्हटलं, मालक माझा धाकटा भाऊ आहे आणि तो माझ्याशी बोलत नाही. ती म्हणाली, ओके मॅडम, दहा मिनिटांच्या आत सांगा.

घाटंजीहून पुण्याला पत्र पोहोचायला आठवडा जातो, तेव्हा ओटीपी पत्राने मागता येत नाही एवढं मला कळतं. म्हणून वेळ ठरवू. १५ तारखेला रविवार आहे. सकाळी अकरा वाजता मी कॉम्प्युटरसमोर बसून बटण दाबीन. तू फोन जवळ ठेव आणि आकडे आले की दवाखान्याच्या नंबरवर पाठवून दे. माझ्याशी बोलायची गरज नाही.

आता थोडी गंमत. ऑगस्टमध्ये यवतमाळला आपल्यासारख्या लहान दवाखान्यांची सभा आहे. आपले अध्यक्ष सदाशिवराव यांनी तिथे माझं नाव परस्पर देऊन टाकलं. विषय: 'क्लाउड कम्प्युटिंग म्हणजे काय व ते स्वीकारण्यासाठी काय लागते'. जन्मभर सुया टोचत आलेल्या बाईने यावर बोलायचं. व्याख्या मी तुझीच घेणार आहे. 'आपलं कपाट, पण दुसऱ्याच्या घरात ठेवलेलं, आणि आपण ते कुठूनही उघडू शकतो.' तू हे सांगितलंस तेव्हा मागच्या खोलीतल्या लाकडी मांडणीला वाळवी लागून निम्मी कार्डं मातीत गेली होती. त्यामुळे ते सगळ्यांना ताबडतोब पटलं. त्यातला 'आपण' म्हणजे कोण, हे तेवढं कुणी विचारलं नाही. घरचा पोरगा आहे, त्याचाच नंबर टाका, असं सगळे म्हणाले. अनोळखी कंपनीला लोक भीत होते आणि घरच्या माणसाला भ्यायचं कारण नव्हतं.

रविवारी, अकराला.

विमल खोब्रागडे
निवृत्त परिचारिका


१६ जून २०२५

इंद्रजित,

जय भीम.

काल अकराला मी बसले होते. शेजारी पायल होती. नोंदी आता तीच टाकते. ठरलेलं लग्न साक्षगंधातच मोडल्यावर आपल्या सुमनची ही पोर तोंड लपवून घरात बसेल, असं गावात बऱ्याच जणांना वाटलं होतं. ती दुसऱ्याच सोमवारी दवाखान्यात आली, ओढणी कमरेला बांधली आणि कीबोर्डवरची धूळ पुसायला लागली.

बटण दाबलं. कोड पाठवला आहे, असं पडद्यावर आलं आणि खाली वेळ उलटी धावायला लागली. आम्ही दोघी तिच्याकडे पाहत बसलो. ती संपली. पायल म्हणाली, "मावशी, मामा कामात असन. चाय ठेवू का?"

चहा घेतला. मग मी भाषणाची वही काढली. क्लाउड स्वीकारायला काय लागतं, हे लिहायला घेतलं. वीज लागते, आणि ती नसते तेव्हा इन्व्हर्टर लागतो. नेट लागतं, आणि ते आपल्याकडे टाकीजवळच्या खोलीतच येतं, म्हणून दवाखाना त्या खोलीत हलवावा लागतो. एक टंकणारं माणूस लागतं. ते माणूस शेतात सरकी टोबायला किंवा निंदणाला जाणार नाही एवढं बघावं लागतं. नोंदींची एक प्रत आपल्याकडेही ठेवावी लागते, कारण कंपनी उद्या बंद पडली तर लोक कंपनीला विचारायला जाणार नाहीत, मलाच विचारतील. इथपर्यंत मजकूर बरा झाला. पुढे मी थांबले, कारण रुखमाबाई आली.

रुखमाबाई आपल्या मागच्या आळीतली, तुला आठवेल. लहानपणी तिच्या बोरीवर तू दगड मारायचास. तिच्या नातीचे, वैष्णवीचे, हातपाय सुजतात. सांधे असे दुखतात की पोर कुणाला हात लावू देत नाही. मी ते दुखणं ओळखते. तूही ओळखशील. सुमन अशीच भिंतीकडे तोंड करून पडायची आणि आपण तिला नाटकं करते म्हणायचो. त्या दुखण्याला नाव आहे, हे आपल्याला ती गेल्यावर कळलं.

मी रुखमाबाईला म्हटलं, पोरीचं रक्त तपासून घेऊ. तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, थे तुमच्या भावाले दिसते का?"

मी म्हटलं, दिसतं.

"मंग नाई देत. पोट्टी हाय. उद्या तिचं जमाच्या वक्ताले कोनी आंगनात उभं राहून सांगतलं, तर मी काय करू?"

कागदावर लिहून घेते, मशीनमध्ये टाकत नाही, असंही मी सांगितलं. तिने मान हलवली. "कागद तरी तुमी कुठं ठेवसान? आज ना उद्या थ्याच डब्ब्यात टाकसान." आणि पोरीला खांद्यावर घेऊन गेली. ती एकटी नाही. साक्षगंधापासून या वस्तीतून तपासायला कुणी आलेलं नाही.

क्लाउड वाईट आहे असं मी म्हणत नाही. गेल्या वर्षी आपला एक माणूस नागपूरला कामावर असताना अंग धरून पडला. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या फोनवर त्याचं कार्ड पाहिलं आणि वेळ न घालवता उपचार केले. तो घरी चालत आला. हे तुझ्यामुळे झालं आणि हे मी सभेत सांगणार आहे. पण वैष्णवीच्या रक्तात काय आहे, ते मला हवं आहे. आणि त्या वाटेवर तुझा नंबर आडवा पडला आहे.

विमल


४ जुलै २०२५

इंद्रजित,

जय भीम.

तुझं उत्तर मिळालं. इतक्या वर्षांत तुझं अक्षर सुधारलेलं नाही. ओटीपीऐवजी तू मला तीन प्रश्न पाठवलेस. मला सगळं माहीत असून मी गप्प का बसले. सुमनला मी विसरले का. तू त्या दिवशी बोलला नसतास तर पायलचं काय झालं असतं.

मधल्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. तो विचारल्याबद्दल मला तुझा राग आला आहे आणि तो हे लिहितानाही आहे.

त्या दिवसाबद्दल मात्र एकदा लिहून टाकते, कारण आपण दोघं तो वेगवेगळा आठवत असू. मांडव आपल्या अंगणात होता. राळेगावची मंडळी वेळेवर आली होती. वंदना झाली, मुलाने आणि मुलीने एकमेकांना हार घालायचे तेवढे राहिले होते. तू उभा राहिलास आणि म्हणालास, या मुलाच्या रक्तात सिकलसेल आहे, पायलच्याही आहे, हे लग्न होऊ शकत नाही. विक्की हार धरून तसाच उभा राहिला. त्याच्या आईने एवढंच विचारलं, "तुमाले कोनं सांगतलं?" तू म्हणालास, मी स्वतः दवाखान्याच्या रेकॉर्डमध्ये पाहिलं.

तू खोटं बोलला नाहीस. दोघंही वाहक आहेत. वाहकाला स्वतःला त्रास नसतो, पण दोन वाहकांच्या प्रत्येक मुलामागे चारात एक भीती असते, हे मी तुला शिकवलेलं आहे. तुझं पहिलं वाक्य ऐकून राळेगावचे लोक उठले. दुसरं वाक्य ऐकून आपल्या दवाखान्यातून सगळी वस्ती उठली. पंगत तशीच राहिली, भाजी दुसऱ्या दिवशी गुरांना घातली.

आपल्याकडे निकाल कसा सांगतात, हे तुला ठाऊक होतं. मागच्या खोलीत, दार लावून, ज्याचं रक्त त्यालाच. नवऱ्याचा बायकोला नाही, मुलाचा बापाला नाही. मोठ्या माणसांना याचा राग येतो, दोन-तीन जण मला वाटेल ते बोलून गेले आहेत. पण त्या दाराच्या भरवशावर पोरं-पोरी आत येतात. तू पुण्यात बसून ते दार उघडलंस. तुला त्यासाठी उठावंसुद्धा लागलं नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते माझं नाही. ज्याचं आहे त्याने सांग म्हटलं तर सांगेन. तोवर तू मला दगडाची समजत राहा.

वैष्णवीला परवा फार त्रास झाला. रुखमाबाई तिला एसटीने यवतमाळला घेऊन गेली. दुखणं थांबवायचं औषध दिलं. रक्त घ्यायची वेळ आली तेव्हा म्हातारी पोरीला उचलून निघून आली. मी विचारलं, काहून? तर म्हणाली, "तिथं बी कॉम्प्युटर होता, बाई."

तू उघडलेलं दार किती दूरवर दिसतं, ते बघ.

विमल


१६ जुलै २०२५

इंद्रजित,

जय भीम.

हे पत्र पायलच्या सांगण्यावरून लिहिते आहे. तुझं पत्र मी तिला दाखवलं नव्हतं. तिने टेबलावरून उचलून वाचलं. वाचून घडी घातली. काल तूर निवडता निवडता म्हणाली, "मावशी, मामाले लिही. आमाले दोघायले माहीत होतं."

तर लिहिते.

सोयरिकीचं बोलणं निघायच्याही आधी पायल त्या मुलाला दवाखान्यात घेऊन आली होती. तिनेच आणलं. आईचं दुखणं तिने पाच वर्षांची असताना पाहिलं आहे, त्यामुळे आपण वाहक आहोत हे ती कधी विसरत नाही. त्याला म्हणाली, आधी रक्त, मग बाकीचं. निकाल आल्यावर दोघांना मी त्या खोलीत समोरासमोर बसवलं. त्यांनी एकमेकांच्या तोंडावर परवानगी दिली, मगच सांगितलं. मग मुलाने विचारलं, यावर काही उपाय आहे का. मी म्हटलं, दिवस राहिल्यावर लवकर तपासणी करता येते, पण त्या तपासणीनंतर काय करायचं, ते तुम्हाला आधीच ठरवून ठेवावं लागेल. आणि ते सोपं नाही. त्यांनी महिनाभर घेतला आणि ठरवलं. काय ठरवलं, ते पायलने मला लिहायला सांगितलेलं नाही.

घरी सांगायचं की नाही, हे त्यांचं त्यांनी बघायचं होतं. तो आईला सांगणार होता. साक्षगंध झाल्यावर, निवांत, स्वतःच्या तोंडाने. आई घाबरट आहे, तिला हळूहळू सांगतो, असं म्हणत होता.

म्हणून मी गप्प होते. मी लपवत नव्हते. ज्यांचं होतं त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिलं होतं.

तू तिला वाचवायला उभा राहिलास, यावर माझा विश्वास आहे. तिचाही आहे. ती म्हणते, "मामानं आईसाठी केलं थे. पन मले एकदा इचारलं असतं तर?" ती रडली नाही. हे ऐकून मीच रडले, तिच्यासमोर नाही.

विक्कीचं आता दुसरीकडे जमतंय, राजूरकडची मुलगी आहे. हेही तिनेच सांगितलं, तूर निवडता निवडता, खडे एका बाजूला करत. त्याच्या आईपुढे त्याचं काही चाललं नाही. तेव्हा मोडलेलं जोडायला मी हे पत्र लिहीत नाही, ते गेलं. मला वैष्णवीचं रक्त पाहिजे.

रविवार, २७ तारीख. सकाळी अकरा. बटण या वेळी पायल दाबणार आहे.

विमल


२८ जुलै २०२५

इंद्रजित,

जय भीम.

तुला माहीतच आहे काय झालं, पण या बाजूने कसं दिसलं ते लिहिते.

पायलने बटण दाबलं. वेळ धावायला लागली. मी खिडकीतून बाहेर पाहत होते, कारण मागच्या वेळी पाहून काही उपयोग झाला नव्हता. दवाखान्याचा फोन वाजला. आम्हाला वाटलं होतं मेसेज येईल. पायलने स्पीकर लावला. तू नुसते आकडे सांगितलेस. एकेक, सावकाश, शाळेत पाढे म्हणायचास तसे. तिने टाकले. तू फोन ठेवला नव्हतास. पलीकडे तुझ्या घरातला पंखा ऐकू येत होता. पायल म्हणाली, "झालं, मामा." तू "बरं" म्हणालास आणि फोन बंद झाला.

मग तिने तुझा नंबर काढला. खात्री आहे का, असं मशीनने दोनदा विचारलं. तिने दोन्ही वेळा हो केलं.

रुखमाबाईला मी लगेच निरोप धाडला नाही, पण ती तासाभरात आलीच. आपल्या गावात नेटपेक्षा लवकर पोहोचणाऱ्या गोष्टी आहेत. ती पडद्यासमोर खुर्ची ओढून बसली. वाचता येत नाही, तरी म्हणाली, दाखव. पायलने बोट ठेवून दाखवलं, इथे मामाचा नंबर होता, आता नाही. म्हातारीने विचारलं, "आता चावी कोनाजवळ हाय?" पायल म्हणाली, "माह्याजवळ." रुखमाबाईने तिच्याकडे पाहिलं. तो अंगणातला दिवस तिनेही पाहिला होता, पंगतीत पत्रावळी तीच मांडत होती. मग पदराने वैष्णवीचं नाक पुसलं आणि तिचा हात माझ्यापुढे केला.

निकाल आल्यावर तो तुला कळवणार नाही. का, ते आता तुला सांगायला नको.

विमल


१९ ऑगस्ट २०२५

इंद्रजित,

सभा झाली. तुझी व्याख्या लोकांना आवडली. वीज, इन्व्हर्टर, नेट, टंकणारं माणूस, जवळची प्रत हे सगळं मी सांगितलं आणि लोकांनी उतरवून घेतलं. शेवटी म्हटलं, एक गोष्ट कंपनी देत नाही. सगळं कपाट उघडता येत असून जो उघडत नाही, असा माणूस तुमचा तुम्हाला शोधावा लागतो, आणि तो घरचा आहे म्हणून चालेल असं समजू नका. मागे बसलेल्या एका डॉक्टरांनी विचारलं, असा माणूस ओळखायचा कसा? मला उत्तर आलं नाही. सदाशिवरावांनी वेळ सांभाळून आभार मानले.

उत्तर मला मागच्या आठवड्यात मिळालं.

राजूरहून एक गृहस्थ आले. खाणीत कामाला आहेत, मोटरसायकलवर आले होते, हेल्मेट काखेत होतं. मी आत रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होते, म्हणून ते पायलशी बोलले. मुलीचं राळेगावला जमलं आहे म्हणाले. मुलाबद्दल काही कानावर आलं आहे, त्याची तपासणी इथेच झाली होती म्हणतात. "बाई, तुमी फक्त हो का नाई तेवढं सांगा. मी पोरगी देऊन राह्यलो."

पायल कोण आहे, ते त्यांना माहीत नव्हतं.

मी आतून ऐकत होते आणि माझा हात थांबला होता. खरं सांगते, मला वाटलं, ही बोलेल. बोलली असती तरी मी तिला दोष दिला नसता. एका शब्दाचं काम होतं आणि तो शब्द खरा होता.

तिने त्यांना पाणी दिलं. म्हणाली, "काका, थे मी सांगाची गोष्ट नाई. तुमच्या पोरीचं रक्त तपासलं का?"

नाही म्हणाले.

"मंग दोघायलेही घेऊन या. दार लावू अन त्यायलेच सांगू. काही घाबराचं नाई त्याच्यात."

ते जरा चिडले, एवढं लांबून आलो म्हणाले. तिने रविवारची वेळ सांगितली.

परवा रविवारी दोघं आले. मुलगी लहानखुरी आहे, पायात नवी चप्पल होती. विक्की दारातून आत आला आणि टेबलामागे पायलला पाहून थबकला. मी पुढे होणार होते. त्याआधीच पायलने पेन उचललं आणि रोज प्रत्येकाला विचारते त्याच आवाजात म्हणाली, "नाव सांगा." त्याने पूर्ण नाव सांगितलं. तिने टाकलं. मग मुलीला विचारलं, तेही टाकलं. रक्त मी घेतलं. निकालाच्या दिवशी ते पुन्हा येतील, मी त्यांना मागच्या खोलीत नेईन आणि पायल बाहेरून दार लावून बाकावर बसेल.

ते गेल्यावर तिने कॉम्प्युटर बंद केला, कव्हर घातलं आणि मला विचारलं, "मावशी, मामाचं रक्त तपासलं हाय का कवा?"

मी म्हटलं, नाही. सुमनचा सख्खा भाऊ, सगळ्या तालुक्याची कार्डं क्लाउडवर चढवणारा, आणि त्याचं स्वतःचं रक्त मी कधी घेतलेलं नाही. त्याने हात पुढे केलाच नाही.

ती म्हणाली, "भेतात वाटते. लिही त्यायले."

तर लिहिते आहे. दसऱ्याला सुटी असेल तर ये. नसेल तर दिवाळीला ये. बायकोला सांगायचं की नाही, ते तुझं तू बघ. नाव पायल विचारेल, तेवढं सांग. बाकी आत, दार लावून.

सप्रेम जय भीम.

ताई